थकलेली पोटगी: आव्हान वर, वसुली खाली

वसुली अर्जाचा निकाल हातात येतो आणि शेवटच्या पानावर एक ओळ असते: अर्ज अंशतः मंजूर. पोटगी चार वर्षांची थकलेली असते आणि मंजूर झालेली असते एका वर्षाची. किंवा मूळ अर्ज तीन वर्षे चालतो आणि शेवटी मुलाला पोटगी मिळते ती आदेशाच्या तारखेपासून. मधल्या तीन वर्षांत आईने भरलेली शाळेची फी, दवाखान्याची बिले, किराणा यांचा हिशेब त्या कागदात कुठेच लागत नाही. काही वेळा वडिलांनी ‘नोकरी गेली’ एवढेच सांगितलेले असते आणि कोर्टाने ते कागदाशिवाय मानलेले असते.

असा निकाल आला की बहुतेक आया गप्प बसतात. ज्या बसत नाहीत, त्या वरच्या कोर्टात जातात आणि तिथला निकाल लागेपर्यंत खालच्या कोर्टाकडे फिरकतच नाहीत. हे दुसरे वागणेही पहिल्याइतकेच महाग पडते, कारण वर प्रकरण पडून असताना खाली दर महिन्याला नवी रक्कम थकत जाते आणि तिच्या मुदती सरत जातात. म्हणून या लेखातली मुख्य सूचना आधीच सांगते. चुकीच्या आदेशाला आव्हान वरच्या कोर्टात द्या, आणि जी रक्कम आजच्या आदेशाप्रमाणे निघते तिची वसुली खालच्या कोर्टात चालू ठेवा. वरच्या कोर्टाने स्थगिती दिली नसेल तर दोन्ही एकाच वेळी चालते.

कोणता आदेश, कोणत्या कायद्याखाली

सुरुवात प्रमाणित प्रतीपासून करा. वकिलाने मोबाइलवर पाठवलेला शेवटच्या पानाचा फोटो पुरत नाही. कारणे मधल्या पानांत असतात आणि आव्हान कारणांना द्यायचे असते. नकलेचा अर्ज शक्यतो निकालाच्या दिवशीच द्या. नकलेवर अर्जाची तारीख आणि प्रत तयार झाल्याची तारीख यांचे शिक्के असतात, आणि प्रत तयार करायला कोर्टाने घेतलेले दिवस मुदतीतून वजा होतात. पोटगी ज्याच्या बाजूने मंजूर झाली त्याला आदेशाची एक प्रत विनामूल्य द्यायची, असे कायद्यातच लिहिलेले आहे. ती आवर्जून मागा.

आता पहिले पान पाहा. प्रकरण कोणत्या कलमाखाली चालले ते तिथे कळते आणि पुढची सगळी वाट त्यावर ठरते. आपल्याकडे मुलांची पोटगी मागायचे तीन रस्ते जास्त वापरात आहेत. सगळ्यात जास्त वापरले जाते ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे, पण त्याआधी दाखल झालेली प्रकरणे जुन्याच कलमाखाली चालू आहेत. दुसरा रस्ता कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ चा. तिसरा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ चा किंवा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० चा. कलम १२५ किंवा १४४ ला धर्माची अट नाही. मुस्लिम आईबापांची मुलेही या कलमाखाली पोटगी मागू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले आहे.

कलम १२५ किंवा १४४ चा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिला असेल तर त्यावर अपील नसते, रिव्हिजन असते, म्हणजे फौजदारी पुनरीक्षण अर्ज. तो सत्र न्यायालयात करता येतो किंवा उच्च न्यायालयात. पण दोन्हीकडे करता येत नाही. एकदा सत्र न्यायालय निवडले की तोच पक्ष पुन्हा उच्च न्यायालयात रिव्हिजन घेऊन जाऊ शकत नाही. तिथे मग रिट याचिका किंवा उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा अर्ज एवढेच उरते, आणि ती वाट बरीच अरुंद आहे. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या आईसाठी सत्र न्यायालय जवळचे आणि स्वस्त आहे. माझ्या मते बहुतेक प्रकरणांत तेच निवडावे.

कुटुंब न्यायालयाने त्याच कलमाखाली आदेश दिला असेल तर चित्र बदलते. मुंबई, पुण्यात या अर्जांना ‘ई याचिका’ म्हणतात. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९ प्रमाणे अशा आदेशाविरुद्ध अपील नाही, रिव्हिजन आहे, आणि ती थेट उच्च न्यायालयात होते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या आदेशावर मात्र सरळ अपील आहे, सत्र न्यायालयात, कलम २९ खाली. अपिलात पुरावा नव्याने तपासून घेता येतो. ही सोय रिव्हिजनमध्ये फारशी मिळत नाही.

मुदती

रिव्हिजनला ९० दिवस. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या अपिलाला आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. तिसऱ्या रस्त्याने गेलेल्या प्रकरणात कुटुंब न्यायालयाच्या अंतिम हुकूमनाम्यावर अपील असते, त्याला कुटुंब न्यायालय कायद्यात ३० दिवस लिहिले आहेत. हिंदू विवाह कायद्याखालच्या प्रकरणात ९० दिवस मिळतात, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने म्हटले आहे. तरीही तुम्ही ३० दिवस धरूनच चाला. मुदत उलटून गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. मूल आजारी होते, आदेश झाल्याचे उशिरा कळले, वकिलाने कळवले नाही, अशी खरी कारणे तारखांसकट आणि कागदांसकट मांडा. ‘पैशाची अडचण होती’ एवढे मोघम वाक्य पुरत नाही. अडचण कोणती होती आणि ती कधी दूर झाली, हे लिहायला हवे.

अंतरिम पोटगीच्या आदेशाचे थोडे वेगळे आहे. कुटुंब न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर कलम १९ ची रिव्हिजन चालत नाही, म्हणून सहसा उच्च न्यायालयात रिट याचिका केली जाते. पण वसुली अर्ज पूर्ण किंवा अंशतः फेटाळणारा आदेश अंतरिम समजू नका. तो अर्ज त्या आदेशाने तिथेच संपतो. तेव्हा त्यावर रिव्हिजनचाच विचार करा.

कशावर बोट ठेवायचे

रिव्हिजनमध्ये न्यायाधीश पुरावा पहिल्यापासून वाचत नाहीत. खालच्या कोर्टाने कायदा चुकीचा लावला का, महत्त्वाचा कागद नजरेआड केला का, निष्कर्षाला आधारच नाही असे झाले का, एवढेच पाहतात. म्हणून ‘आदेश अन्यायकारक आहे’ असे लिहिलेली दहा पाने कोणी वाचत नाही. नेमकी चूक दाखवणारे दोन मुद्दे असले तर वाचले जातात. थकबाकीच्या आदेशांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका खाली सविस्तर देते. तुमच्या आदेशात यातली कोणती आहे ते शोधा.

पहिली चूक तारखेची. पोटगी आदेशाच्या तारखेपासून द्यायची की अर्जाच्या तारखेपासून, हे कायद्याने कोर्टावर सोडले होते, आणि देशभर जो तो न्यायाधीश आपल्या परीने ठरवत होता. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात सगळ्या कोर्टांना सांगितले की पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायची. हे प्रकरण आपल्या नागपूरचे. आईने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी सप्टेंबर २०१३ मध्ये अंतरिम पोटगी मागितली. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश दिला तो मागच्या तारखेपासून: आईला १५,००० रुपये महिना, मुलाला आधी ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये. वडिलांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट केली. ती २०१८ मध्ये फेटाळली गेली. मग ते दिल्लीला गेले. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचा आदेश कायम ठेवला, आणि मुलाच्या आयुष्याची पहिली सात वर्षे या भांडणात गेलेली पाहून देशासाठी नियम घालून दिले.

तारखेचा फरक पैशात किती होतो ते पाहा. समजा, अर्ज १० जून २०२१ चा, आदेश १० जून २०२४ चा, रक्कम महिना ८,०००. आदेशाच्या तारखेपासून पोटगी दिली तर मागची थकबाकी शून्य. अर्जाच्या तारखेपासून दिली तर ३६ महिन्यांचे २,८८,००० रुपये. तुमच्या आदेशात ‘आदेशाच्या तारखेपासून’ असे असेल आणि तसे का, याचे एक वाक्यही नसेल, तर रिव्हिजनचा पहिला मुद्दा तयार आहे.

दुसरी चूक एका वर्षाची. कलम १२५(३), म्हणजे आताचे १४४(३), सांगते की रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच वॉरंट काढता येते. या वाक्याच्या आधारे अनेक कोर्टे चार वर्षांच्या थकबाकीतली तीन वर्षे पुसून टाकतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या आणि तिच्या मुलाच्या प्रकरणात हे दुरुस्त केले. तिथे उच्च न्यायालयाने रक्कम कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही एका वर्षाची अट वॉरंट आणि तुरुंग या एका मार्गापुरतीच आहे. जुन्या थकबाकीचा हक्क तिने संपत नाही, दिवाणी मार्ग खुला राहतो. शिवाय आधी मुदतीत केलेला वसुली अर्ज चालू असेल तर त्यानंतर थकलेली रक्कम त्याच अर्जात मागता येते, असे याच न्यायालयाने २००५ मध्येही सांगितले होते. म्हणून रोजनामा, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाची नोंद, काढून बघा. तुमचा पहिला अर्ज खरोखर निकाली निघाला होता, की वॉरंट न बजावता तसाच पडून होता? पडून असेल तर ‘मुदतबाह्य’ हा शेरा टिकण्यासारखा नाही.

तिसरी चूक तुरुंगाची. वडिलांना महिनाभर आत ठेवले, ते बाहेर आले, आणि कोर्टाने फाइल बंद केली. तुरुंग हा रक्कम भरायला लावण्याचा उपाय आहे. तुरुंगात राहिल्याने रक्कम फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्ये सांगितले आहे. शिक्षा भोगून झाल्यावरही पगार, बँक खाते, जमीन यांवर जप्ती मागता येते. ‘शिक्षा भोगली, सबब अर्ज निकाली’ असा आदेश असेल तर तो नक्की आव्हान देण्याजोगा आहे.

चौथी चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण तिथे मुलाला कोणी विचारतच नाही. आई कमावते, आई स्वतःहून घर सोडून गेली, आईने दुसरे लग्न केले, आईने तडजोडीत ‘मला काही नको’ असे लिहून दिले, आणि यातल्या कुठल्यातरी कारणावरून मुलाची थकबाकीही कापली जाते. पत्नीची पोटगी नाकारण्याची जी कारणे कायद्यात आहेत ती पत्नीपुरती आहेत. मुलाचा हक्क त्याचा स्वतःचा आहे आणि आईला तो त्याच्या वतीने सोडून देता येत नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. आई कमावत असेल तर मुलाचा खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो, पण वडिलांचा वाटा शून्य होत नाही. आदेशात आईची आणि मुलाची रक्कम वेगळी लिहिलेली आहे का ते पाहा. नसेल तर रिव्हिजनमध्ये ती वेगळी करून मागा.

पाचवी, ‘उत्पन्न नाही’ हे तोंडी मानणे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र सक्तीचे केले आहे. त्याचे नमुने निकालालाच जोडलेले आहेत, आणि शेती करणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. वडिलांचे शपथपत्र घेतल्याशिवाय थकबाकी कमी केली असेल, तर प्रकरण परत पाठवून शपथपत्र घेऊन नव्याने निर्णय करावा, अशी पर्यायी मागणी रिव्हिजनमध्ये ठेवा. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकामुलांना पोसले पाहिजे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा मांडली आहे.

याशिवाय साधी गणिताची चूकही निघते. महिने कमी मोजलेले, वाढीव दराची तारीख चुकलेली, वडिलांनी मुलाला वाढदिवसाला दिलेली सायकल पोटगीत वजा केलेली. नुसती बेरीज चुकली असेल तर वर जायची गरज नाही, त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज द्या. सायकल वजा केली असेल तर मात्र तो निर्णयाचा भाग आहे, त्यावर वरच जावे लागेल.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. आदेश झाला तेव्हा बरोबर होता, पण नंतर परिस्थिती बदलली, मूल मोठे झाले, फी वाढली, वडिलांना बढती मिळाली, तर रिव्हिजन करू नका. त्यासाठी त्याच कोर्टात कलम १४६ खाली, जुन्या संहितेचे कलम १२७, वाढीचा अर्ज करायचा असतो. नवे कागद तिथे चालतात, वर चालत नाहीत.

वसुली थांबू देऊ नका

रिव्हिजन दाखल झाली म्हणून खालचा आदेश आपोआप थांबत नाही, मग ती तुमची असो वा समोरच्याची. वडिलांची रिव्हिजन दाखल आहे एवढ्या कारणावर खालच्या कोर्टात तारखा पडत असतील तर स्थगितीचा आदेश दाखवायला सांगा. तो नसेल तर वॉरंट काढण्याची मागणी लेखी अर्जाने करा, तोंडी नको. त्या अर्जाला निशाणी क्रमांक पडतो आणि नकार मिळाला तर तोही लेखी मिळतो. त्यांनी वर स्थगिती मागितली तर तिथे हजर राहून सांगा की थकबाकीची रक्कम, निदान मोठा भाग, आधी कोर्टात जमा व्हावा आणि मुलासाठी काढून घेण्याची परवानगी मिळावी. अशी अट घालण्याची उच्च न्यायालयांची पद्धत आहे, पण ती मागावी लागते.

वसुली अर्जासोबत हिशेबाचा तक्ता जोडा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख, बाकी. बँकेचे पासबुक किंवा स्टेटमेंट सोबत लावा. मुलाचा आणि आईचा रकाना वेगळा ठेवा. हा एक कागद नीट असेल तर न्यायाधीशांना स्वतः आकडेमोड करावी लागत नाही, आणि वर गेल्यावरही हाच तक्ता उपयोगी पडतो.

एका वर्षाची मुदत सांभाळायचा सोपा मार्ग असा की आदेश झाला त्या दिवशी मागची सगळी रक्कम देय झाली असे धरा आणि तिथून वर्ष भरायच्या आत वसुली अर्ज टाका. आधीचा अर्ज चालू असेल तर नवी थकबाकी पुरसिस (कोर्टाला दिलेले लेखी निवेदन) किंवा दुरुस्ती अर्जाने त्यात वाढवत राहा. निकाली निघाला असेल तर वर्ष भरायच्या आत नवा अर्ज टाका. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, वकिलाच्या आठवणीवर सोडू नका.

वॉरंट ‘बजावणी न होता परत’ येणे ही रोजची गोष्ट आहे. वडील जिथे असतील तिथल्या कोर्टातही आदेश अमलात आणता येतो, हे कलम १४७ सांगते. ते पुण्याहून नाशिकला गेले तर नाशिकचा पत्ता द्या. कामाचे ठिकाण, मालकाचे नाव, बँकेची शाखा, गाडीचा क्रमांक, सातबारा, कारखान्याकडून येणारे उसाचे बिल, जे माहीत आहे ते सगळे लिहून द्या. जंगम मालमत्तेची जप्ती करता येते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणेही वसुली करता येते. शेतजमीन नावावर असलेल्या माणसाच्या बाबतीत हा दुसरा मार्ग फार कमी वापरला जातो, आणि तो वापरायला हवा.

नोकरदारांच्या पगारावर थेट जप्ती मागता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे इतर कर्जांच्या वसुलीत पगाराला जेवढे संरक्षण आहे तेवढे पोटगीच्या हुकूमनाम्याला नाही. पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांशच भाग सुरक्षित राहतो. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, हे ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालातही आहे. तेव्हा वर्षाच्या अटीत न बसणाऱ्या जुन्या रकमेसाठी दरखास्तीचा, म्हणजे दिवाणी अंमलबजावणीच्या अर्जाचा, विचार करा. मूळ प्रकरण अजून चालू असेल आणि वडील जाणूनबुजून पैसे देत नसतील तर त्यांचा बचाव काढून टाकण्याची मागणीही करता येते, मात्र न्यायालये हा शेवटचा उपाय मानतात.

मूल अठरा वर्षांचे झाले की कलम १४४ खालची पुढची पोटगी सहसा थांबते. पण अज्ञानपणी थकलेली रक्कम देणे असतेच. अविवाहित हिंदू मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर तिला अठरानंतरही वडिलांकडून निर्वाह मागता येतो, फक्त त्यासाठी १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली दिवाणी दावा करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. बारावीनंतर शिकणाऱ्या मुलींच्या आईंनी हे जरूर लक्षात ठेवावे.

ज्यांच्यावर वॉरंट निघाले आहे त्या वडिलांना

तुमच्याकडेही खरी अडचण असू शकते. कारखाना बंद पडतो, अपघात होतो, आजार येतो. तसे झाले तर त्याच महिन्यात कलम १४६ खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज द्या, पुराव्यासह. दोन वर्षे पैसे थांबवून, वॉरंट आल्यावर ‘नोकरी गेली होती’ असे सांगितले की कोर्टाचा विश्वास उडालेला असतो. आणि अर्ज चालू असताना जमेल तेवढी रक्कम बँकेतून पाठवत राहा. रोख देऊ नका. मुलाच्या हातात दिलेले पैसे, आजीकडे पोचवलेला किराणा, परस्पर भरलेली फी यांचा हिशेब नंतर कोणी धरत नाही. फी थेट शाळेत भरायची असेल तर तसा आदेश आधी करून घ्या.

आदेश तुमच्या गैरहजेरीत झाला असेल आणि गैरहजेरीला सबळ कारण असेल, तर आदेशापासून तीन महिन्यांत तो रद्द करण्याचा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. समन्स जुन्या पत्त्यावर गेले असेल तर त्याचा पुरावा जोडा. हे न करता थेट वर गेलात तर ‘खाली का गेला नाहीत’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच तारखेला विचारला जाईल. मुलाची भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवणे हा मार्ग नाही. भेटीसाठी वेगळा अर्ज आहे, तो करा. मुलाचे जेवण तुमच्या दोघांच्या भांडणाला बांधून ठेवू नका.

वकील आणि खर्च

पैसे नाहीत म्हणून मुदत जाऊ देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते, जिल्हा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात, आणि उच्च न्यायालयासाठी वेगळी समिती आहे. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ रोजी काढलेली आहे. कोणी फी मागितली तर तिचा उल्लेख करा.

मोफत मिळालेला वकील मन लावून काम करत नाही, अशी समजूत आहे. काहींच्या बाबतीत ती खरी ठरते, पण वकील बदलून मागता येतो, आणि नीट लावलेली फाइल हातात दिली तर कुठल्याही वकिलाचे काम सुधारते. फाइलमध्ये मूळ अर्ज, अंतरिम आणि अंतिम आदेश, दोन्ही बाजूंची शपथपत्रे, आधीच्या सगळ्या वसुली अर्जांचे रोजनामे, परत आलेली वॉरंटे, हिशेबाचा तक्ता आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत असू द्या. प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक स्वतःकडे लिहून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात.

वरचा निकाल तुमच्या बाजूने लागला तर त्याची प्रत खालच्या कोर्टात आपोआप पोचेल आणि वॉरंट आपोआप निघेल असे धरून बसू नका. प्रमाणित प्रत स्वतः घ्या, नव्या तारखेप्रमाणे हिशेबाचा तक्ता दुरुस्त करा आणि त्याच आठवड्यात वसुली अर्जाला जोडून दाखल करा. त्या निकालाने नव्याने देय झालेल्या रकमेसाठी एका वर्षाची मोजणी त्याच्या तारखेपासून धरा.